रंग निवडणारा माणूस : मिखाईल त्स्वेत

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिक अंकासाठी एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, आणि दहावीनंतर मी शास्त्राचे पुस्तक हाती धरलेले नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रसंग असा घडला, की त्याचा शोध घेता घेता मी या माणसापर्यंत येऊन पोचले. म्हणून प्रथम तो प्रसंग थोडक्यात सांगते.

माझ्या आजीला पुष्कळ वर्षांपासून फिट येतात. त्यावर ती फेनिटॉइन नावाच्या औषधाची गोळी नेमाने घेते. गेल्या पावसाळ्यात ती दोन महिने अंथरुणाला खिळली होती. अन्न तुटले, अंग झडले. त्या दुखण्यातून ती उठली खरी, पण चालताना झोकांड्या खाऊ लागली आणि बोलताना तिची जीभ जड होऊ लागली. शेजारच्या बायकांनी म्हातारपणावर बोट ठेवले. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर औषधाचे रक्तातील प्रमाण नेहमीच्या मर्यादेतच निघाले. गोळी तीच, मात्रा तीच, आकडाही ठीक. मग हे काय? डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला सांगितली आणि तीत रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन फार उतरलेले आढळले. त्यांनी गोळीची मात्रा कमी केली. काही आठवड्यांत आजी काठीशिवाय अंगणात फिरू लागली.

डॉक्टरांनी मला जे समजावले ते असे. औषध रक्तात शिरले म्हणजे ते सगळेच्या सगळे कामाला लागत नाही. बरेचसे औषध रक्तातील प्रथिनांना धरून बसते. बाजाराच्या दिवशी आमच्या गावाकडून एस.टी. भरून जाते, पण जे प्रवासी खाली उतरतात तेच बाजार करतात; गाडीत बसून राहिलेल्यांचा बाजाराला उपयोग नाही. तसेच हे. निरोगी माणसाच्या रक्तात फेनिटॉइनच्या शंभर रेणूंपैकी सुमारे नव्वद अल्ब्युमिनच्या गाडीत बसलेले असतात आणि दहाच मोकळे असतात. औषधाचा गुण येतो तो या मोकळ्या दहांचा. अल्ब्युमिन उतरले म्हणजे गाडीतल्या जागाच कमी झाल्या. मग शंभरांपैकी मोकळ्यांचा वाटा वाढतो. नेहमीची तपासणी मात्र बसलेले आणि उतरलेले मिळून एकच आकडा सांगते. आजीचा आकडा ठीक दिसला तो यामुळे.

मी विचारले, गाडीत किती बसले आणि किती उतरले हे शास्त्रज्ञांना कळते तरी कसे? त्यांनी सांगितले, की याच्या अनेक रीती आहेत. त्यांतली एक म्हणजे बारीक नळीत अल्ब्युमिन पक्के बसवायचे, त्यातून औषध सोडायचे, आणि ते किती वेळ अडकून राहते ते पाहायचे. नळीची ही युक्ती मुळात एका वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्याने नळीत खडूची भुकटी भरली होती. खडू हा शब्द ऐकून माझे कुतूहल जागे झाले. दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालयात विश्वकोशाचा खंड मागितला. तिथून जे जे मिळत गेले ते या लेखात मांडले आहे.

मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील रशियन सरकारी अधिकारी, आई इटालियन वंशाची. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. वडिलांना नोकरीसाठी रशियाला परतावे लागले आणि तान्हे मूल स्वित्झर्लंडमध्ये दाईच्या हाती राहिले. लोझान आणि जिनिव्हा या शहरांत ते वाढले. आईचे तोंड पाहिले नाही, वडील दूरदेशी, आणि शिक्षण फ्रेंच भाषेत. अशा रीतीने ज्या देशाचे ते प्रजाजन होते त्या देशापासून ते लहानपणीच दुरावले.

जिनिव्हा विद्यापीठातून १८९३ साली त्यांनी पदवी घेतली. वनस्पतींच्या पेशींचा सूक्ष्म अभ्यास करून १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तिथेच राहिले असते तर पुढचा रस्ता कदाचित सरळ गेला असता. परंतु वडिलांच्या देशात काम करावे या ओढीने ते त्याच वर्षी रशियाला गेले आणि सेंट पीटर्सबर्ग येथे राहू लागले.

तिथे त्यांना पहिला धक्का बसला. परदेशी विद्यापीठाची डॉक्टरेट रशियात ग्राह्य धरली जात नसे. विद्यापीठात शिकवायचे तर रशियन पदवी हवी. म्हणजे डॉक्टर झालेल्या माणसाने पुन्हा परीक्षार्थी व्हायचे! त्स्वेत पुन्हा परीक्षार्थी झाले. विज्ञान अकादमीच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम धरले. स्त्रियांसाठी चालवलेल्या अभ्यासवर्गात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या काळी रशियन विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना रीतसर उघडे नव्हते, ही गोष्ट येथे आम्हा मुलींनी ध्यानात घ्यावी. असे करत १९०१ साली कझान विद्यापीठाकडून त्यांनी मॅजिस्टरची पदवी मिळवली. पाच वर्षे गेली.

हा भाग वाचताना मला माझा प्रवेश अर्ज आठवला. वडिलांचे शिक्षण या रकान्यात काय लिहावे हे न कळून मी तिथे आडवी रेघ ओढली होती. कागदावरच्या एका रकान्याने माणसाला किती लहान वाटू शकते, ते त्या दिवशी मला कळले होते. त्स्वेत यांचा रकाना भरलेला होता; पण तो भरलेला असूनही कोरा धरला गेला. असो.

या पाच वर्षांत मात्र एका कोड्याने त्यांना घेरले. पानांचा हिरवा रंग, म्हणजे हरितद्रव्य, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हा रंग पानातून बाहेर काढण्यासाठी निरनिराळे द्राव वापरतात. पेट्रोलियम ईथर नावाचा खनिज तेलापासून काढलेला एक हलका द्राव आहे. हरितद्रव्य एकदा पानाबाहेर काढले, की ते या ईथरमध्ये सहज विरघळते. पण तेच ईथर वाटलेल्या पानांवर ओतले तर हिरवा रंग पानातच राहतो आणि फक्त कॅरोटिन नावाचे पिवळे द्रव्य बाहेर येते. ईथरमध्ये थोडासा अल्कोहोल मिसळला की सगळे रंग धडाधड उतरतात. जे द्रव्य एरवी विरघळते ते पानात असताना का विरघळत नाही?

त्स्वेत यांनी अनुमान केले, की हा विरघळण्याचा प्रश्नच नव्हे. पानातील पेशींचे अंगच या रंगांना धरून ठेवते. अल्कोहोल ती पकड सोडवतो. हे अनुमान पडताळण्यासाठी त्यांनी पानाच्या जागी गाळणकागद घेतला. रंग आधी कागदात मुरवले आणि मग त्यावर ईथर ओतले. कागदानेही पानासारखेच केले! कॅरोटिन सोडले, हिरवे धरून ठेवले. म्हणजे ही पकड जिवंत पेशीची काही गूढ शक्ती नव्हती. पदार्थाच्या पृष्ठभागाला दुसरे पदार्थ चिकटतात, त्यातलाच हा प्रकार होता. शास्त्रात याला अधिशोषण म्हणतात.

येथवर कोणी हुशार माणूस आला असता. त्स्वेत पुढची पायरी चढले. कागद सगळ्यांना सारखे धरत नाही, कोणाला घट्ट धरतो, कोणाला सैल. तर मग या कमीजास्त पकडीचाच उपयोग करून मिसळलेले रंग वेगळे का करू नयेत? आपल्या घरी आई सूप पाखडते तेव्हा हेच घडते. दाणा जड म्हणून मागे राहतो, फोलपट हलके म्हणून पुढे जाते. सुपात वजनाने निवड होते, त्स्वेत यांच्या नळीत पकडीने.

१९०२ साली ते वॉर्सा येथे आले. हे पोलंडचे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि तिथले विद्यापीठही रशियन अमलाखाली चालत असे. वनस्पतिशास्त्र विभागात त्यांना प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा मिळाली. तिथे त्यांनी शंभराहून अधिक प्रकारच्या भुकट्या तपासल्या. २१ मार्च १९०३ रोजी वॉर्सा येथील निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत त्यांनी या कामावर पहिले व्याख्यान दिले. रशियातील जुन्या पंचांगाप्रमाणे ती ८ मार्च होती. एका नव्या युगाची ही सुरुवात होती, पण त्या सभेबाहेर तिची फारशी वार्ता गेली नाही.

त्यांची रीत अशी. अरुंद काचेची उभी नळी घ्यायची. तिच्यात खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बारीक भुकटी घट्ट दाबून भरायची. पानांतून काढलेल्या रंगांचे मिश्रण वरून ओतायचे आणि त्यामागून शुद्ध द्राव सोडत राहायचे. द्राव खाली झिरपताना रंगांना बरोबर ओढू पाहतो आणि खडू त्यांना धरू पाहतो. या ओढाताणीत ज्याची पकड सैल तो पुढे निघतो, ज्याची घट्ट तो मागे राहतो. कॅरोटिन सर्वांच्या आधी खाली उतरते. वर पिवळे, पिवळसर हिरवे, निळसर हिरवे असे वेगवेगळे पट्टे पांढऱ्या खडूवर उमटतात. मग तो खडूचा दांडा नळीबाहेर ढकलायचा, चाकूने एकेक पट्टा कापायचा, आणि अल्कोहोलमध्ये टाकून त्यातला रंग सोडवून घ्यायचा. भट्टी नाही, स्फटिक पाडणे नाही, रंगाची मोडतोड नाही.

या रीतीने त्यांनी दाखवून दिले, की पानातील हिरवा रंग एक नसून दोन आहेत, आणि पिवळे तर अनेक आहेत. १९०६ साली जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे दोन लेख आले. त्यांत त्यांनी या रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. मराठीत आपण तिला वर्णलेखन म्हणतो. ग्रीक भाषेतील रंग आणि लेखन या दोन शब्दांपासून ते नाव बनले आहे. गंमत अशी, की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच आहे. ही रीत बिनरंगी पदार्थांनाही लागू पडेल, असेही त्यांनी सांगून ठेवले होते. या गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे, कारण पुढे सगळी कथा इथूनच वळण घेते.

१९०७ साली त्यांनी बर्लिनला जाऊन जर्मन शास्त्रज्ञांपुढे आपल्या रंगीत नळ्या ठेवल्या. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. वॉर्सा विद्यापीठ १९०५च्या विद्यार्थी आंदोलनापासून बंद होते, म्हणून पशुवैद्यक संस्थेत आणि नंतर तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवू लागले.

आता प्रश्न असा, की एवढी सोपी आणि सुंदर रीत लोकांनी उचलली का नाही? क्राकोचे रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्हस्की यांनी नियतकालिकांतून त्यांच्यावर कठोर टीका केली. गाळण्याचा एक साधा प्रयोग करून हा गृहस्थ हरितद्रव्याचे रसायनशास्त्र बदलायला निघाला आहे, असा त्या टीकेचा सूर होता. जर्मनीचे विलश्टेटर हे तर या विषयातील मोठे नाव. त्यांना १९१५ साली वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनाही ही रीत कामाची वाटली नाही. एखाद्या पदार्थाचे भरपूर आणि शुद्ध स्फटिक हातात आल्याशिवाय तो पदार्थ मिळाला असे तेव्हाचे रसायनशास्त्रज्ञ मानत नसत. त्स्वेत यांच्या नळीतून निघायचा तो जेमतेम चिमूटभर रंग. शिवाय ते वनस्पतिशास्त्रज्ञ. रसायनशास्त्राच्या घरात परके. टीकाकारांना सर्वस्वी दोष देणेही न्यायाचे होणार नाही, कारण चिमूटभर पदार्थावर पुढचे काम करण्याची साधने त्या काळी फार थोडी होती. पण उत्तर द्यायला त्स्वेत कचरले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ते तितक्याच धारदार लेखणीने उत्तरे लिहीत राहिले.

१९१० साली वनस्पती आणि प्राणी यांच्यातील रंगद्रव्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ रशियन भाषेत निघाला. त्याच प्रबंधावर त्यांना रशियन डॉक्टरेट मिळाली. जिनिव्हाच्या डॉक्टरेटनंतर चौदा वर्षांनी! पुढल्या वर्षी रशियन विज्ञान अकादमीने या ग्रंथाला पारितोषिक दिले. परंतु ग्रंथ रशियनमध्ये, आणि रसायनशास्त्राची तेव्हाची भाषा जर्मन. तो वाचणार कोण?

मग पहिले महायुद्ध आले. १९१५च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य वॉर्सापर्यंत पोचले आणि रशियन संस्थांना तिथून हलावे लागले. त्स्वेत तंत्रशिक्षण संस्थेबरोबर आधी मॉस्कोला गेले आणि १९१६ साली निझनी नोव्हगोरोदला. प्रयोगशाळा मागे राहिली. १९१७ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, युर्येव येथील विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद आणि वनस्पती-उद्यानाचे संचालकपद मिळाले. युर्येव म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पद हाती आले, आणि दुसऱ्याच वर्षी जर्मन सैन्याने तेही शहर घेतले. विद्यापीठातील रशियन मंडळींबरोबर त्स्वेत व्होरोनेझला आले. सततचा प्रवास, युद्धकाळातील हाल आणि जुने दुखणे यांनी शरीर पोखरले होते. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझ येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस.

१९१८ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी हॉलंडमधील ग्रोनिंगेनच्या व्हान विसेलिंग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचे नाव सुचवले होते. ते पारितोषिक फ्रिट्झ हाबर यांना मिळाले. एकाच माणसाने एकदाच सुचवलेले ते नाव तिथेच राहिले.

त्यांच्या मृत्यूनंतरची गोष्ट अधिक विलक्षण आहे. अमेरिकेतील लिरॉय पामर या संशोधकाने त्स्वेत यांची रीत वापरली होती आणि १९२२ सालच्या आपल्या पुस्तकात तिचे वर्णनही केले होते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रिखार्ड कून यांच्या हाताखाली काम करणाऱ्या एडगर लेडरर या तरुणाच्या नजरेस ते पडले. आणि त्स्वेत यांच्या ग्रंथाचे एक जर्मन भाषांतर त्याला कून यांच्याकडे मिळाले. ते कून यांना त्यांच्या गुरूंकडून मिळाले होते. हे गुरू म्हणजे विलश्टेटरच! ज्यांनी ही रीत बाजूला सारली त्यांनीच तिचे पुस्तक जपून ठेवले होते. लेडररने खडूच्या नळीतून अंड्याच्या बलकातील पिवळा रंग सोडला, तर एक समजल्या जाणाऱ्या रंगाचे दोन निघाले. १९३१ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि काही वर्षांतच युरोपातील प्रयोगशाळांत नळ्या उभ्या राहिल्या. १९४१ साली इंग्लंडमध्ये मार्टिन आणि सिंज यांनी या रीतीचा नवा प्रकार काढला. त्याबद्दल त्यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथून माझ्या आजीच्या गोळीपर्यंतचा रस्ता आता फार लांब नाही. खडू अनेक पदार्थांना कमीजास्त धरतो, पण तो ओळख ठेवून धरत नाही. जिवंत शरीरातील प्रथिने मात्र ओळख ठेवतात. कुलपाला ठरावीक किल्लीच लागावी तसे ते असते. मग खडूच्या जागी अशी ओळख ठेवणारा पदार्थच नळीत बसवला तर? १९६७ साली स्वीडनमधील उप्साला येथे अ‍ॅक्सेन, पोराथ आणि एर्नबाक यांनी अ‍ॅगॅरोजच्या मण्यांवर प्रथिने पक्की जोडण्याची सोय शोधून काढली. अ‍ॅगॅरोज म्हणजे काय? आपण जेली जमवायला जो चायना ग्रास वापरतो तो समुद्रशेवाळापासून काढतात. त्यातलाच हा एक शुद्ध घटक. पुढल्याच वर्षी, १९६८ साली, अमेरिकेत क्वात्रेकासास, विल्चेक आणि अ‍ॅन्फिन्सन यांनी या मण्यांवर किल्ली बसवून मिश्रणातून नेमके कुलूप पकडून दाखवले. त्यांनी या रीतीला अ‍ॅफिनिटी क्रोमॅटोग्राफी म्हटले. मी तिला ओढीचे वर्णलेखन म्हणेन.

औषधांच्या अभ्यासासाठी याच नळीत मानवी रक्तातील अल्ब्युमिन बसवतात. हे प्रथिन रक्तद्रवात सर्वांत अधिक असते. निरोगी माणसात दर लिटरमागे साधारण ३५ ते ५० ग्रॅम. नळीतून द्राव वाहत ठेवायचा आणि त्यात थोडेसे औषध सोडायचे. अल्ब्युमिनला न धरणारे औषध लगेच बाहेर पडते. धरणारे थांबत थांबत येते. जितकी पकड घट्ट, तितका उशीर. त्या उशिराचे गणित मांडले की पकडीचे माप मिळते. औषधाला रंग नसला तरी चालते, कारण नळीच्या तोंडाशी डोळ्याऐवजी यंत्र बसलेले असते. बिनरंगी पदार्थांबद्दल त्स्वेत यांनी सांगून ठेवले होते ते असे खरे ठरले.

याहून चतुर प्रयोग म्हणजे दोन औषधांची झुंज. वाहत्या द्रावातच दुसरे औषध मिसळून ठेवायचे आणि मग पहिले सोडायचे. पहिले जर नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले, तर दोघांचे आसन एकच असण्याचा संभव असतो. दुसऱ्याने ते आधीच अडवलेले असते. त्याच्या येण्यात फरक पडला नाही, तर दोघांची आसने वेगळी. अल्ब्युमिनवर औषधांची मुख्यतः दोन आसने आहेत, असे ऑस्ट्रेलियातील सडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ सालच्या सुमारास वेगळ्या रीतीने दाखवले होते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन एका आसनावर बसते, आयबुप्रोफेन हे वेदनाशामक मुख्यतः दुसऱ्यावर. वॉरफेरिनचे तर शंभरांतले नव्व्याण्णव रेणू बसलेले असतात आणि एकाच्या जोरावर सगळे काम चालते. असे आकडे हाती असले म्हणजे एकाच गोळीची मात्रा अशक्त माणसाला जड का जाते याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. आमच्या डॉक्टरांनी तो बांधला, म्हणून आजी सावरली.

त्स्वेत यांचे मोठेपण मला एका गोष्टीत दिसते. पान रंग सोडत नाही, ही इतरांच्या दृष्टीने कामातली अडचण होती. अल्कोहोल घालून ती दूर केली की झाले. त्स्वेत यांनी ती अडचणच हाती धरली आणि तिला विचारले, की तू कोणाला किती धरतेस? पदार्थाची ओळख त्याच्या अडून राहण्यातून पटते, हे त्यांनी जगाला शिकवले. त्यांचे स्वतःचे आयुष्य पदवीने अडले, भाषेने अडले, युद्धाने अडले. तरी नळीत सोडलेला रंग जसा उशिरा का होईना खाली पोचतोच, तसे त्यांचे काम त्यांच्यामागे बारा वर्षांनी पोचले. ते पाहायला ते नव्हते, एवढेच दुःख.

हा लेख लिहिण्याआधी मी एक प्रयोग केला. पालकाची पाने खलबत्त्यात कुटली, त्यात दवाखान्यातून आणलेले थोडे स्पिरिट घातले, तो हिरवा रस वाटीत गाळला आणि त्यात पांढरा खडू उभा केला. आपला फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्स्वेत यांच्या खडूसारखा नसतो. तरी थोडे साधते. रस हळूहळू खडूवर चढला. खाली हिरवा पट्टा राहिला आणि त्याच्या वर एक फिकट पिवळी रेघ उमटली. आजी शेजारी बसून पाहत होती. हिरव्या पाल्यातून पिवळे कुठून आले, याचे मलाच नवल वाटत होते. आजीला नाही वाटले. तिने सांगितले, की पान पिकते तेव्हा पिवळे होतेच. म्हणजे पिवळे आधीपासून आतच असणार, हिरवे गेले की दिसते.

जी एक दिवस शाळेत गेली नाही, तिने हे सांगितले, आणि शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर आहे. मी खडू वाळवून माझ्या वहीशेजारी ठेवला आहे.